रोलाचा पहिला फोटो

सुजाताबाईंची आई गुरुवारी सकाळी वारली. दुपारी फोटोवाल्याला बोलावणं गेलं. त्याआधी आईचा एकही फोटो निघालेला नव्हता.

हे १९९४ सालातलं. कुंडलच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर एक गाव आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवत होते आणि शाळेची पुस्तकांची दोन कपाटं सांभाळत होते. मूळची मी साताऱ्याची. एकटी राहत होते, बोलणं कमी. सुजाताबाई त्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. आमच्या खोल्या शेजारीशेजारी, आणि मधली भिंत अशी की त्यांचा स्टोव्ह पेटला की मला कळायचं, चहा होणार.

त्या कवठे महांकाळकडच्या. छप्पन्न साली त्यांच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, त्यानंतर वस्तीत जन्मलेली पहिली मुलगी त्या, म्हणून नाव सुजाता. "माझ्या आदी सगळ्या धोंडाबाई नि दगडाबाई," असं त्या सांगत. लग्न झालं होतं. त्याविषयी त्यांचं एकच वाक्य होतं : "जमलं न्हाई, सोडलं." पुढचा प्रश्न विचारायची सोय त्या ठेवत नसत.

आईच्या मातीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्या काळी आमच्या भागात खेडोपाडी ही रीतच होती. हयातीत फोटो काढायचं कुणाला सुचत नसे. माणूस गेलं की मात्र भिंतीवर लावायला फोटो हवा असे. मग तालुक्याहून फोटोवाला येई. आईला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. नवं लुगडं नेसवलं होतं. मागून एका माणसानं चादरीआडून मान धरली होती. फोटोवाला म्हणाला, "जरा डावीकडं." मान डावीकडं झाली. मिटलेल्या डोळ्यांचं पुढं काय करायचं ते त्याच्या स्टुडिओत ठरलेलं होतं. तिथं एक रंगारी बसे. तो कागदावर पापण्या पुसून डोळे काढून द्यायचा.

पंधरा दिवसांनी चौकट आली. सुजाताबाईंनी ती माझ्या टेबलावर उभी केली. मी त्यांच्या आईला जिवंत असताना दोनदा भेटले होते. त्या डाव्या डोळ्यानं जरा बारीक बघत, कुणाचंही बोलणं तोलून घेतल्यासारखं. फोटोतले दोन्ही डोळे सारखे होते, मोठे आणि काळेभोर. रंगाऱ्यानं आपल्या मनानं गळ्यात बोरमाळही काढली होती. त्या गळ्यात काळा दोराही कधी नसे.

"ही माजी आई न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "ही त्या रंगाऱ्याची आई हाय."

भावानं, भीमरावनं, ती चौकट भिंतीला लावली. सुजाताबाई माहेरी गेल्या की तिच्याकडं पाठ करून जेवायला बसत.

कॅमेरा घ्यायचं त्यांनी त्याच महिन्यात ठरवलं. लग्नकार्यात मिरवायला किंवा सहलीला न्यायला नको होता, रोजचा हवा होता. "मी रोज वीस घरं हिंडते. त्यातल्या अठरा घरांत म्हाताऱ्या माणसाचा फोटू न्हाई. मेल्यावर कुणीतरी त्यांचं डोळं रंगवणार. त्याच्या आत मी काढते."

माझ्याकडं काम आलं ते माहिती काढायचं. मी कपाटातलं छायाचित्रणावरचं एकुलतं एक पुस्तक वाचून काढलं आणि चार पानी टिपण केलं. भिंगाचा आकार, प्रकाश, अंतर, छिद्राची मापं, सगळं शीर्षकं देऊन. एका शनिवारी अर्धी शाळा करून आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. टिपण माझ्या पर्समध्ये होतं.

दुकानदारानं माझा चष्मा आणि हातातलं टिपण पाहिलं आणि तो माझ्याशीच बोलू लागला. सुजाताबाई पांढऱ्या साडीत शेजारी उभ्या होत्या, खांद्याला झोळी. त्यानं काचेवर एक झूमचा कॅमेरा ठेवला. बटण दाबलं की भिंग घरघरत पुढं यायचं.

"म्याडम, हा घ्या. लांबचं माणूस जवळ दिसतं."

"कॅमेरा ह्यांना नको, मला पायजे," सुजाताबाई म्हणाल्या. "आणि लांबचं माणूस जवळ दिसायला माझे पाय हायत की. चालत जाईन."

तो हसला. मग त्या विचारू लागल्या, आणि माझं टिपण पर्समध्येच राहिलं.

"सेल कुठले लागतात?"

"ह्याला लिथियमचा. आमच्याकडं मिळतो."

"कुंडलच्या बाजारात मिळतो?"

"कुंडलला कसा मिळंल?"

"मग ठेवा आत. पेन्सिल सेलवाला दाखवा."

पेन्सिल सेलवाले तीन निघाले. त्यांनी झोळीतून लसीचा डबा काढून डाव्या हातात धरला. रिकामा डबा त्या मुद्दाम गावाहून घेऊन आल्या होत्या, हे मला तिथं कळलं. मग उजव्या हातानं एकेक कॅमेरा उचलून पाहिला. एकाचं झाकण उघडायला दुसरा हात लागत होता. तो गेला. दुसऱ्याचा फ्लॅश बंदच होत नव्हता.

"डोळ्यांवर चापट मारल्यावानी उजेड पडणार, माणूस दचकणार. दचकलेलं माणूस मला नको."

राहिला तिसरा. काळा, साबणाच्या वडीएवढा, प्लॅस्टिकचा. झाकण अंगठ्यानं सरकायचं, रोल अंगठ्यानंच पुढं ढकलायचा. भिंग एका जागी बसलेलं, अंतर जुळवायची भानगड नाही. चार पावलांपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी दिसणार. दुकानदार जरा नाराजीनं म्हणाला, "हा लय साधा हाय, बाई. पोरं सहलीला नेतात."

"आमी पण साधीच हाव," असं म्हणून त्यांनी तो सरळ झोळीत टाकला, बीपीच्या यंत्राशेजारी, आणि झोळी हलवून बघितली. "वाजत न्हाई. हाच द्या."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, माझ्या टिपणातला एखादा मुद्दा तरी कामाला आला का. त्या म्हणाल्या, "आला की. तुमी लिवलंय म्हणून त्यो माणूस नीट बोलला." मग बराच वेळ बाहेर उसाकडं बघत राहिल्या. पलूसच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, माज्या डोळ्यांना कुणी रंग लावाय नको."

मला अशा वेळी बोलता येत नाही. पण ऐकलं होतं.

त्यानंतर पाच वर्षं तो कॅमेरा झोळीत होता. त्यांची फोटो काढायची पद्धत गावात कुणाला पटत नसे. कॅमेरा दिसला की बायका केस विंचरायला आत पळायच्या, पुरुष छाती फुगवून भिंतीला टेकायचे आणि श्वास धरायचे. सुजाताबाई झाकण बंद करून चहा प्यायला बसायच्या. माणसं कंटाळून आपापल्या कामाला लागली की मग त्यांचा अंगठा सरकायचा. जोंधळे पाखडताना, म्हशीला धुताना, नातवाचं नाक पुसताना, भांडताना.

मी पुस्तकात वाचलेलं त्यांना सांगितलं, की हललेलं माणूस फोटोत पुसट येतं.

"येऊ दे. हलायला जित्तं माणूस लागतं, बाई."

पारावरची तरणी पोरं चेष्टा करायची. "नर्सबाई, आमचा पण एक काढा की, हिरोवानी."

"शेण काढत असशील तवा हाक मार, गड्या. तवा तुजं तोंड खरं असतंय."

रोल छत्तीस फोटोंचा. तो भरताना सुरुवातीची पट्टी उजेडात येते, म्हणून दोन-तीनदा बटण मोकळं दाबून ती पुढं सरकवायची असते. त्या एकदाच सरकवत आणि लगेच हात लांब करून, कॅमेरा स्वतःकडं वळवून, बटण दाबत. हा फोटो छत्तिसाच्या बाहेरचा. "दुसऱ्याच्या वाटणीचा न्हाई घेतला," असं म्हणायच्या. "रोलाचं पहिलं, ते माजं." तो अर्धा जळून यायचा. एका बाजूला पांढरा उजेड, मग नारिंगी कड, आणि तिच्या अलीकडं त्यांचा अर्धा चेहरा, कॅमेरा फार जवळ असल्यानं जरा धूसर. जळायची बाजू नेहमी तीच. सांगलीचा लॅबवाला तो फोटो कागदावर काढायचाच नाही, वाया गेलेला समजून. त्यांनी त्याच्याशी भांडून तो काढायला लावला. पुढं पाकिटावर तोच लिहू लागला : पहिला पण.

सुभेदारांचं प्रकरण दुसऱ्या वर्षी झालं.

सुभेदार म्हणजे गावातलं मोठं घर. नदीकाठच्या मळीचा ऊस, दोन भाऊ फौजेत, हे स्वतः निवृत्त होऊन आलेले. त्यांची आई, जिला सारा गाव आक्का म्हणे, ऐंशीच्या पुढची. सुजाताबाई तिचा बीपी बघायला जायच्या. एके दिवशी आक्का सोप्यात बसून शेंगा फोडत होती, फोडलेल्यातल्या निम्म्या तोंडात टाकत होती, पदर खांद्यावर आला होता. सून म्हणाली, "आत्या, पाव्हण्यांना काय उरतंय का?" आक्का बोळक्या तोंडानं हसली. सुजाताबाईंनी बटण दाबलं, बीपी नीट आहे म्हणून सांगितलं आणि पुढच्या घरी गेल्या.

संध्याकाळी सुभेदारांच्या दारात साताऱ्याहून आलेली जीप उभी होती. रात्रीपर्यंत तिघी लेकी आल्या. एकीनं येतानाच रडायला सुरुवात केली होती. झालं होतं असं, की आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा फोटो मेल्यावरच निघतो. आणि इथं तर तो नर्सनं काढला होता. नर्सला आतलं कळतं. बीपी बघितला, नीट आहे म्हणाली, आणि तरी फोटो काढून घेतला. घरानं त्याचा अर्थ लावला आणि ट्रंककॉल केले. आक्का मधोमध बसून एकेकीला विचारत होती, कोण मेलंय ते मला का सांगत न्हाईसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार उपकेंद्रात आले. मी शाळेला निघाले होते, उपकेंद्राच्या दारातच थांबले.

"आईला काय झालंय ते साफ सांगा."

"काय न्हाई झालं."

"मग फोटो कशाला काढला?"

"काय न्हाई झालं म्हणूनच काढला."

सुभेदारांना वाटलं ही थट्टा करते आहे. "आमच्या घरातल्या बायकांचं फोटो काढायला तुमाला कुणी सांगितलं? डोक्यावर पदर न्हाई, तोंडात दात न्हाई. रोल द्या इकडं."

"त्यात तुमची आई एकटी न्हाई, सुभेदारसाहेब. वस्तीतल्या चार म्हाताऱ्या हायत, धनगराचा तात्या हाय, कुंभाराची आजी हाय. एकाच रोलात बसल्यात सगळी. तुमच्या आईला तेवढी बाहेर कशी काढू?"

वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं नाव सुजाताबाईंनी आधी घेतलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. सुभेदारांच्याही आलं. ते म्हणाले, "तुमी लय पुढं गेलाय."

"व्हय. मागं जागाच न्हवती."

तक्रार वर गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लेखी कळवलं की ड्यूटीवर कॅमेरा जवळ बाळगू नये. सुजाताबाईंनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "ड्यूटीवर, असंच लिवलंय ना?" त्या दिवसापासून त्या साडेपाचला खोलीवर येत, पांढरी साडी बदलून फुलाफुलाची नेसत, आणि सकाळी फिरलेल्या त्याच वाटेनं पुन्हा निघत. हातात फक्त कॅमेरा. दिवस मावळायच्या आत दोन-तीन घरं व्हायची. कुणी विचारलं तर सांगत, "आता नर्स न्हाई मी. आता सुजाता हाय." दिवसभर चाललेल्या बाईनं तेच गाव पुन्हा चालायचं, हे त्यांनी तीन वर्षं केलं. पाय दुखतात असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. तेलाचा वास मात्र भिंतीपलीकडून यायचा.

रोल धुऊन आला तशा त्या सरळ सुभेदारांच्या सोप्यात गेल्या आणि फोटो आक्काच्या हातात दिला. मला बरोबर नेलं होतं. आक्कानं तो लांब धरून, जवळ धरून पाहिला.

"ही म्हातारी कोण गं?"

"तुमीच की आक्का."

"आगं बया. ही तर खातीया." आणि ती फोटोतल्यासारखीच हसली. मग लेकाला हाक मारली. "आबा, ह्यो हितं लाव. तुज्या बाच्या शेजारी."

सुभेदार म्हणाले, "आई, तिथं गेलेल्यांचं फोटो हायत."

"मग मी एकटी जित्ती आसंन. तुजं काय जातंय?"

फोटो लागला. दसऱ्याला धाकट्या सुनेनं सवयीनं सगळ्या चौकटींना हार घातले, त्यात आक्काच्याही. आक्कानं पाटावर चढून आपला हार स्वतः काढला आणि म्हशीच्या गळ्यात घातला. ती पुढं दोन वर्षं जगली. ती गेली तेव्हा सुभेदारांनी फोटोवाल्याला बोलावलं नाही. त्यांनी सुजाताबाईंना कधी काही म्हटलं नाही. पण त्यानंतर गावात आणखी काही घरांनी तालुक्याचा फोटोवाला बोलावला नाही, आणि डॉक्टरांचं ते पत्र कुणी पुन्हा काढलं नाही.

शेवटचा रोल द्यायला आम्ही सांगलीला गेलो तेव्हा नव्याण्णव साल चाललं होतं. लॅबवाला आता ओळखीचा झाला होता. त्यानं मासिकातलं एक चित्र दाखवलं. "बाई, आता असं कॅमेरं निघाल्यात. रोलच न्हाई. मागं काच असती, काढलेला फोटू लगीच दिसतो. आज महाग हायत, चार-पाच वर्सांत आपल्याला परवडतील."

सुजाताबाईंनी चित्र नीट पाहिलं. "सेल कुठलं?"

"पेन्सिल चालत्यात काहींना."

"मग बरं हाय. पण रोल न्हाई म्हणजे पहिला फोटू जळणार न्हाई?"

"काय जळतच न्हाई त्यात."

"मग माजा कवा निघंल?" त्यांनी विचारलं, आणि दोघंही हसले. मीही हसले. लॅबच्या दारातून बाहेर पडताना त्यांनी पायरीवर उभं राहून नवा रोल घातला, एकदा बटण मोकळं दाबलं, हात लांब केला. मागून रिक्षा हॉर्न वाजवत होती. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. भुवई जराशी वर होती, रिक्षावाल्याला थांब म्हणाल्यासारखी. मी त्यांना धडधाकट पाहिलं ते शेवटचं. दिवाळीच्या सुट्टीला मी साताऱ्याला गेले. त्यांना कावीळ झाली आणि भावाकडं नेलं. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात आणलं होतं.

तालुक्याचा फोटोवाला आलेला होता. तोच. भिंतीशी पाट मांडला होता, चादर आणली होती, मान धरायला माणूसही उभा होता.

मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. वर्गाबाहेर माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मी म्हणाले, "फोटो काढायचा नाही."

भीमराव म्हणाला, "बाई, तायडीचा एक पण नीट फोटू न्हाई घरात. सगळ्या गावाचं काढलं तिनं. भिंतीला काय लावू?"

मी त्यांच्या झोळीतला बिस्किटाचा डबा उघडला. त्यात जळके फोटो होते, एकावर एक, सत्तेचाळीस. रोल आत असलेला कॅमेरा मी त्याच्यापुढं धरला. "ह्यात शेवटचा आहे. रोलाचा पहिला. सांगलीला धुऊन आणते."

फोटोवाल्यानं डब्यातला एक उचलला. वाईट माणूस नव्हता तो. त्याचं ते कामच होतं. "अर्धंच तोंड हाय, बाई. पण हरकत न्हाई. ह्या बाजूवरनं ती बाजू आमी भरून देतो. डोळा काढतो. कळणार पण न्हाई."

"कळेल," मी म्हणाले. "मला कळेल. तिनं मला सांगून ठेवलंय. रंग लावायचा नाही."

एका म्हाताऱ्यानं म्हटलं, अर्धा फोटो भिंतीला बरा दिसत नाही, लोक काय म्हणतील. भीमराव आत गेला. आईची चौकट आतच होती, बोरमाळवाली. तो तिच्यासमोर किती वेळ उभा होता मला ठाऊक नाही. बाहेर आला आणि फोटोवाल्याला म्हणाला, "तुमी जावा, भाऊ. चहा घेऊन जावा."

रोलात पायरीवरचा फोटो निघाला. भुवई वर, मागं रिक्षाचं चाक, आणि निम्म्या कागदावर नुसता उजेड. तो तसाच मोठा केला.

आता भीमरावचा नातू पुण्यात संगणकावर काम करतो. गेल्या महिन्यात त्यानं मला फोन केला. म्हणाला, आजी, आता हे दहा मिनिटांचं काम आहे, आत्याआजीचा दुसरा अर्धा चेहरा मी असा जोडून देतो की ओळखू येणार नाही. मुलगा चांगला आहे, प्रेमानं म्हणत होता. मी त्याला नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं, म्हणून हे लिहिलं.

सत्तेचाळीस फोटो माझ्याकडं साताऱ्यात आहेत, त्याच डब्यात. कॅमेरा आहे, सेल काढून ठेवला आहे. अठ्ठेचाळिसावा फोटो कवठे महांकाळच्या वस्तीत भिंतीवर आहे. त्यात एकच डोळा आहे. तो उघडा आहे, आणि तो कुणी रंगवलेला नाही.